तुम्ही विचारलंत म्हणून: थोडं सोसलं की जीव पक्का होतो का?

व्याख्यान संपलं की हा प्रश्न येतोच: ‘म्हणजे मॅडम, थोडं सोसलं की जीव पक्का होतो, हेच ना यीस्ट, ती पाव फुगवणारी एकपेशीय बुरशी, सांगते?’ कितीतरी वर्षं मी ‘हो’ म्हणत आले. आता म्हणवत नाही.

प्रयोग खरा आहे, त्याबद्दल मी कुणाचं ऐकून घेणार नाही. यीस्टवर थेट 2 मिलिमोलर (हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे पेशींना इजा करणारं रसायन, घातलं तर पुष्कळ पेशी मरतात. आधी 0.2 देऊन तासभर थांबलं, तर त्याच माऱ्यातून कितीतरी जास्त वाचतात. प्लेटवरचे ते पांढरे ठिपके मी स्वतः मोजलेत.

जून 2020 मध्ये निसर्ग वादळात आमचं आंजर्ल्याचं आगर झोपलं. पोफळी मधोमध मोडल्या, माड मुळासकट आडवे. आठवड्याने फोन लागला तेव्हा मी अप्पांना काय म्हणाले? ‘अप्पा, हा पहिला डोस समजा. आता पुढचं वादळ तुम्हाला जड जाणार नाही.’ धीर द्यायचा होता, शपथ. पलीकडे बराच वेळ नुसती खरखर. मग म्हणाले, ‘अगो, पोफळ धरायला किती वर्षं लागतात, ठाऊक आहे ना तुला?’ आणि फोन ठेवला.

मे 2021 मध्ये तौक्ते आलं. वर्षही झालं नव्हतं. लावलेली रोपं गुडघ्याएवढी होती आणि वाचलेल्या माडांपैकी दोन तेव्हा गेले. त्या वेळी मी फोनच केला नाही. तीन दिवस. ते तीन दिवस मला अजून पुसता आलेले नाहीत.

मी विसरले होते तो मधला तास. त्या तासात पेशी सोसत नसते, राबत असते. जीपीएक्स३ नावाचं प्रथिन पेरॉक्साइड ओळखतं आणि याप१ या दुसऱ्या प्रथिनाला खबर देतं. याप१ केंद्रकात साठतं, पेरॉक्साइडपासून पेशीला जपणाऱ्या थायोरेडॉक्सिन आणि ग्लुटाथायोनची जनुकं चालू होतात. विभाजन थांबतं. साखरेची वाट बदलते, म्हणजे या बचावाला लागणारा एनएडीपीएच हा रेणू जास्त मिळावा. यासाठी साखर हवी, उसंत हवी. नवी प्रथिनं बनवायचा मार्ग औषधाने अडवला तर ही तयारी बहुतेक फसते. आणि पहिली मात्रा मुळात पेलण्याजोगी असावी लागते. निसर्ग 0.2 होतं, हे कोणी ठरवलं? मीच, पुण्यात पंख्याखाली बसून.

तेव्हाची मी वाद घालते: पण उपमा म्हणून चालतं की! चालतही असेल. भाऊ तर म्हणतो, ‘अप्पांनी पुन्हा रोपं लावली, बघ, पक्के झालेच ना?’ झाले असतील. की दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून लावली? अप्पांना विचारायची माझी छाती होत नाही. गेल्या खेपेला गेले तेव्हा ते रोपांना सावली हवी म्हणून लावलेल्या केळींना पाणी सोडत होते. मला म्हणाले, ‘पाट जरा वळव गो इकडे.’ मी वळवला.