उलटा ओंकार

जर्मनीतील एका कारखान्यात, जिथे व्हायनलच्या तबकड्या तयार होतात, तिथे मी छपाईपूर्व विभागात काम करते. ग्राहकाची फाइल तपासून ती छपाईची प्लेट काढण्यायोग्य करणे हे माझे काम. बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते ते एवढेच, की तबकडीच्या मधले गोल लेबल चिकटवलेले नसते. तापलेल्या व्हायनलच्या गोळ्यासोबत ते साच्यातच दाबले जाते. त्या उष्णतेत कागदातील ओलाव्याची वाफ होऊन लेबलाला फोड येऊ नयेत, म्हणून लेबले आधी भट्टीत कित्येक तास वाळवावी लागतात. कागद बिनचकाकीचाच हवा आणि शाईचा थर बेताचा.

गेल्या वर्षी आमच्याकडे गोवा ट्रान्सच्या, म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांतून आलेल्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या, एका संकलनाच्या पुनःप्रकाशनाचे काम आले. मूळ संकलन १९९०च्या दशकाच्या मध्यावर लंडनमध्ये निघाले होते. ग्राहकाने जुन्या कव्हरची स्कॅन केलेली फाइल पाठवली होती, आणि रंग जुळवण्यासाठी एक मूळ प्रतही सोबत दिली होती.

नृत्यासाठीच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या वेष्टनात दोन परंपरा अगदी परस्परविरुद्ध आहेत. एका परंपरेत कव्हर जवळजवळ नसतेच. कंपनीची एकच साधी पिशवी, तिच्या मध्यभागी गोल भोक, त्यातून दिसणारे लेबल, आणि त्या लेबलावर तबकडी ३३ फेऱ्यांची की ४५ हे अंधारातही वाचता येईल अशा ठळक अंकांत. डीजेला कलाकाराचा चेहरा नको असतो, काळोखात हाताला सापडणारी खूण हवी असते. चाचणीसाठी दाबलेल्या पहिल्या प्रतींवर कोरी पांढरी लेबले लावतात, तो कोरेपणाही पुढे शैली होऊन बसला. डिझायनर पीटर सॅव्हिल यांनी १९८३मध्ये न्यू ऑर्डर या ब्रिटिश गटाच्या ‘ब्लू मंडे’साठी संगणकाच्या फ्लॉपी डिस्कसारखे भोके पाडलेले कव्हर केले आणि गटाचे व गाण्याचे नाव अक्षरांत न लिहिता कडेच्या रंगीत चौकोनांच्या सांकेतिक लिपीत घातले. त्या लिपीची किल्ली त्याच वर्षीच्या अल्बमच्या मलपृष्ठावर होती. शेफील्डच्या डिझायनर्स रिपब्लिक या डिझाइन संस्थेने वॉर्प या संगीत कंपनीसाठी केलेले सुरुवातीचे काही कामही याच घराण्यातले.

दुसरी परंपरा गोवा ट्रान्सची. तिथे रिकामी जागा म्हणून ठेवायची नाही. भौमितिक नक्षी, मंडले, परग्रहावरचे जीव, शिव, गणपती आणि जिथे तिथे ओंकार, तेही चकाकत्या गुलाबी, पोपटी आणि नारिंगी रंगांत. माझे तरुण सहकारी पहिलीला डिझाइन म्हणतात आणि दुसरीला सजावट. हा भेद मला मुळीच मान्य नाही. गोव्यातील हणजुणच्या आणि वागातोरच्या किनाऱ्यावर उष्मा आणि धूळ यांमुळे डीजे तबकड्यांऐवजी डॅटच्या, म्हणजे डिजिटल ध्वनिमुद्रणाच्या छोट्या, कॅसेटी वाजवत. त्यामुळे तिथे या संगीताला कव्हर असे नव्हतेच. ड्रॅगनफ्लाय आणि टिप यांसारख्या लंडनच्या कंपन्यांनी ते तबकडीवर आणि सीडीवर आणले, तेव्हा त्याला रूप द्यावे लागले आणि डिझायनरांनी अतिनील दिव्याखाली पेटणारी, माडांमध्ये बांधलेली कापडे आठवून ते दिले. शापोऱ्याला माझ्या मामाचे घर होते. बुधवारच्या बाजारात ती कापडे वाऱ्यावर हलताना मी लहानपणी पाहिली आहेत, म्हणून ही कव्हरे मला एका जागेच्या आठवणीसारखी वाटतात.

त्या गुलाबीवर मी तीन दिवस घालवले आणि त्याचा मला अभिमान आहे. पॅन्टोनच्या रंगसूचीतील ८०६ क्रमांकाचा हा चकाकता गुलाबी रंग चार नेहमीच्या शाया मिसळून निघत नाही, पडद्यावर दिसत नाही आणि डिजिटल प्रूफवर, म्हणजे नमुन्याच्या छापावर, तर नाहीच नाही. त्याची शाई स्वतंत्र लागते, आणि एका थरात ती दुबळी दिसते म्हणून तीच प्लेट दोनदा छापावी लागते. शिवाय प्रकाशात हा रंग लवकर उडतो. मूळ प्रतीचा दर्शनी भाग फिकट नारिंगी-गुलाबी झाला होता आणि ग्राहकाचा स्कॅन त्या उडालेल्या रंगाचाच होता. मी कव्हरची चिकटवलेली कड अलगद उकलली. आत दोन मिलिमीटर रुंदीची गुलाबी पट्टी होती, जिला इतक्या वर्षांत उजेड लागलेला नव्हता. अतिनील विजेरी धरल्याबरोबर ती पेटली. रंग मी तिच्यावरून जुळवला.

विजेरी हातात होतीच, म्हणून मी ती कव्हरच्या मध्यावरही धरली, आणि तेव्हा लक्षात आले की मंडलाच्या मध्यातील ओंकार उलटा आहे. डावीकडे असायची ती ३ सारखी दोन वळणे उजवीकडे होती, शेपटी डावीकडे निघाली होती आणि चंद्रबिंदूही दुसऱ्या अंगाला गेला होता. दोन दिवस ती फाइल माझ्यासमोर उघडी होती आणि रंगाच्या नादात मला ते दिसले नव्हते. रात्री आईला फोटो पाठवला. ती एवढेच म्हणाली, “आरशात बघून काढला काय गो तो?”

हे मुद्दाम केलेले असू शकते, असे माझे वरिष्ठ म्हणाले. मी भिंग घेऊन बसले. काळ्या प्लेटवरील मजकूर, म्हणजे नावे आणि क्रमांक, सरळ होता. मंडल, ओंकार आणि मंडलाच्या कडेला चित्रकाराची दोन रोमन आद्याक्षरे गुलाबी प्लेटवर होती, आणि ती आद्याक्षरेही उलटी होती. स्वतःची सही कोणी उलटी छापून घेत नाही. त्यातच गुलाबीच्या कडा काळ्यापेक्षा किंचित मऊ होत्या. तेव्हा प्रत्येक रंगाची प्लेट एका फिल्मवरून काढत; फिल्मची इमल्शनची, म्हणजे प्रतिमेचा थर असलेली, बाजू प्लेटला टेकली नाही तर फिल्मच्या जाडीतून प्रकाश कडेखाली शिरतो आणि नेमक्या अशाच कडा येतात. त्या काळी कोणा कामगाराच्या हातून एक फिल्म पालथी लागली होती. मंडल दोन्ही अंगांनी सारखे असल्यामुळे ती रजिस्ट्रेशनला, म्हणजे बाकीच्या रंगांशी जुळवताना, तंतोतंत बसली, आणि ओंकार वाचणारे त्या खोलीत कोणीच नव्हते.

मी हे सगळे ग्राहकाला सविस्तर लिहिले. उत्तर दोन ओळींचे आले: संग्राहक जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवून पाहतात, काहीही बदलू नका. आशयात आपण पडायचे नाही, असे वरिष्ठांनीही बजावले. हे वाक्य मी या धंद्यात फार वेळा ऐकले आहे. जर्मन मजकुरातील चुकलेला उम्लाउट, म्हणजे अक्षरावरचे दोन ठिपके, दाखवला की हेच लोक आभार मानतात, मग देवनागरीतील चूक तेवढी आशय कशी ठरते, हे मला अद्याप कोणी पटवून दिलेले नाही.

एका बाबतीत मात्र मी अडून बसले. नव्या लेबलासाठी त्यांनी तोच ओंकार मध्यभागी घेतला होता, आणि तबकडीचे ७.२ मिलिमीटरचे भोक बरोबर त्याच्या आरपार जात होते. तो मी वरच्या अर्ध्या भागात हलवायला लावला आणि तिथे सरळही करून घेतला, कारण लेबल नवे होते आणि तिथे मूळाशी इमान राखण्याचा प्रश्नच नव्हता. अशा रीतीने ती आवृत्ती बाहेर पडली, कव्हरवर उलटा आणि लेबलावर सुलटा ओंकार घेऊन, आणि तपासणीच्या कागदावर सही माझी होती.

आता दुसऱ्या छपाईची ऑर्डर आली आहे. भारतातील एका खरेदीदाराने उलट्या ओंकाराबद्दल ग्राहकाकडे तक्रार केली, तेव्हा ग्राहकाने माझे जुने पत्र शोधून काढले, आणि आता कव्हरवरचाही सरळ करा, असे कळवले आहे. गेल्या वर्षी मला हेच हवे होते. पण काल गुलाबी थर वेगळा काढून फिरवला, ओंकार सुलटा झाला, ती आद्याक्षरेही पहिल्यांदाच वाचता आली, आणि माझा हात थांबला. ओंकार न वाचता येणाऱ्या माणसांनी तो छापला, न वाचता येणाऱ्यांनी तो विकत घेतला, आणि ज्या गोव्याच्या नावावर हे सारे चालले तिथे ती तबकडी बहुधा कोणी वाजवलीही नाही, याचा त्या कव्हरवरचा एकमेव पुरावा म्हणजे ती पालथी लागलेली फिल्म, आणि ती माझ्याच हाताने पुसली जाणार आहे. दुसरीकडे, ओंकार उलटा छापून जाऊ देणे मला त्या वेळीही पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

दोन्ही फाइली मी कामाच्या फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत. प्लेट सोमवारी सकाळी काढायची आहे.