खंदक आतल्या बाजूला

इंग्लंडमधल्या लेस्टरशायरच्या एका जुन्या मृगवनाचा लायडार डेटा आमच्याकडे पुण्यात आला होता. विमानातून लेझर मारून मोजलेल्या उंचीतून झाडझाडोरा वगळायचा आणि उघडी जमीन दाखवायची, हे आमचं काम. सॉफ्टवेअर ते आपोआप करतं, असं विकणारे सांगतात. कंबरभर नेच्यांचं रान आणि तेवढाच झिजका बांध यांतला फरक त्याला कळत नाही. तिथे माणूसच डोळे फोडत बसतो.

टीममधल्या मुलीने हद्दीचा बांध सुरेख काढला होता. फक्त चर बांधाच्या आतून दाखवला होता. मी बारा वर्षं रविवारी गड चढतोय. तट आत, खंदक बाहेर. चाकणला जाऊन बघा. शिवाय हिलशेडमध्ये, म्हणजे चढउतार दिसावेत म्हणून सावल्या टाकलेल्या चित्रात, प्रकाश वायव्येकडून, ३१५ अंशांवरून टाकायचा असतो. दक्षिणेकडून टाकला की खोलगट ते उंच दिसतं. “तुला भास झालाय,” म्हणालो.

“सर, एकदा प्रोफाइल काढून बघा ना.”

बांधावर आडवी रेघ मारून जमिनीचा उभा छेद बघायचा, दहा सेकंदांचं काम. मी घड्याळाकडे बघितलं, दोन्ही रेषांची अदलाबदल केली आणि फाइल पाठवली.

क्लायंटचं उत्तर आलं: हा किल्ला नाही, हरणं आत ठेवायची होती.

मग रात्री वाचत बसलो. बांधावर ओकच्या फळ्यांचं कुंपण, आतून चर. म्हणजे आतल्या हरणाला उडी खड्ड्यातून मारावी लागते. हद्दीचे कोपरे गोलसर, कारण कमी कुंपणात जास्त जागा येते. त्याच भागातल्या ब्रॅडगेट पार्कचा उल्लेख १२४१ सालचा आहे. मृगवनांच्या मालक सरदारांना हरणाचं मांस विकायचं नसे. पाहुण्याच्या पानात वाढायचं, नाहीतर भेट म्हणून धाडायचं. तेवढ्यासाठी मैलोगणती माती उपसायची! आणि काही ठिकाणी कुंपणात मुद्दाम खिंड ठेवत: बाहेरून जमीन उंच, आत खोल चर. रानातलं हरीण आत उडी घेई, पण परत जाऊ शकत नसे.

इथे मात्र मला घाम फुटला. बांधात एका जागी तिने प्रश्नचिन्ह टाकलं होतं: बाहेरच्या बाजूला उंचवटा. मी तो नॉइज, म्हणजे मोजणीतली गडबड, समजून सपाट केला होता.

सकाळी तिच्याकडे गेलो. तिने जुनी फाइल पुसलेली नव्हती. प्रोफाइलही काढून ठेवलं होतं, आदल्या दिवसापासून. उंचवटा खरा आहे. तो खिंडीचा आहे की नंतर कोणी टाकलेल्या मातीचा, ते हिवाळ्यात नेचे वाळल्यावर क्लायंटचा माणूस जागेवर जाऊन बघणार आहे. मी दर आठवड्याला मेल उघडून बघतो.