टोकियो ते हेलसिंकी: आकडा 7,800 किलोमीटरचा, प्रवास 13 तासांचा

आधी निकाल सांगतो: दोन विमानतळांमधलं अंतर दाखवणाऱ्या कॅल्क्युलेटरवर विसंबून पुढचं काहीही बुक करू नका. मी केलं आणि हेलसिंकीतल्या एका रात्रीचं भाडं पाण्यात गेलं.

टोकियो–हेलसिंकी अंतर निघालं 7,800 किलोमीटरच्या आसपास. विमानाचा वेग ताशी 900 धरला, चढ-उताराला अर्धा तास दिला, झाले नऊ तास दहा मिनिटं. रात्री दहाला निघायचं, हिवाळ्यात हेलसिंकी सात तास मागे, म्हणजे मध्यरात्र उलटताच पोचणार. खोलीवरची सवलत संपत होती, म्हणून विमानाचं तिकीट काढायच्या आधीच खोली घेतली, तीही पैसे परत न मिळणारी. शहाणपणा!

तिकिटावर पोचायची वेळ पहाटे चारची. आधी वाटलं, छापण्यात चूक आहे.

चूक माझीच. कॅल्क्युलेटर गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर मोजतो आणि ती रेघ सरळ सायबेरियावरून जाते. फेब्रुवारी 2022 पासून रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद आहे. जपानी विमानंही वळसा घेऊनच जातात, चिनी मात्र अजून रशियावरून. म्हणजे अंतर तेच असलं तरी वेळ कंपनीगणिक बदलते.

आमचं विमान रशिया आणि अलास्का यांच्यामधल्या बेरिंगच्या सामुद्रधुनीकडून उत्तर ध्रुवावर आणि तिथून खाली आलं. हिशेब तुकड्यांनी करा: टोकियो–बेरिंग सुमारे 4,700, बेरिंग–ध्रुव 2,700, ध्रुव–हेलसिंकी 3,300 किलोमीटर. (रेखांशाच्या रेषेवरून उत्तर-दक्षिण जाताना एका अंशाला 111 किलोमीटर, एवढं लक्षात ठेवलं की शेवटचे दोन तुकडे तोंडी निघतात.) बेरीज 10,700, तीही किमान, म्हणजे नुसतं उडायलाच बारा तास. वारा आणि धावपट्टीपर्यंतचं रांगणं धरलं की तेरा. वेळापत्रकातली वेळ गेट ते गेट असते, हेही मला तेव्हाच कळलं.

ध्रुव बघायला जागा राहिलो. हिवाळ्यात तिथे काळोखाशिवाय काही दिसत नाही, सरळ झोपा. उशी, पाणी, पायमोजे वगैरे तुम्हाला कळतंच.

हॉटेलात पहाटे साडेपाचला पोचलो, तर मी आलोच नाही अशी नोंद करून खोली दुसऱ्याला दिलेली. नवी हवी तर लवकर आल्याचे जादा पैसे! भांडलो, शेवटी दिले. उशिरा पोचणार असाल तर हॉटेलला आधी लेखी कळवा, फोनवर सांगितलेलं धरू नका.

पुढचे चार दिवस छान गेले.

आता मी विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार24 या संकेतस्थळावर त्याच क्रमांकाच्या विमानाच्या मागच्या आठवड्यातल्या खऱ्या वेळा बघतो आणि त्यातली सर्वांत उशिराची धरतो. खोली त्यानंतर.