पावती छापली, नोंद झालीच नाही

नोव्हेंबरातली गोष्ट. अंबिया बहाराची संत्री जोरात येत होती. नागपुरात कळमन्याच्या बाजारात एका अडत्याकडे मी लिहिलेला आवक-नोंदीचा प्रोग्रॅम सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. संध्याकाळी फोन आला, "ताई, जरा येऊन जा." मानेवाड्याहून गाडी काढली नि गेले. काटोलकडचे एक काका बाकावर बसले होते. त्यांनी खिशातून घडी घातलेल्या तीन पावत्या काढून माझ्यासमोर मांडल्या. "तीन गाड्या उतरवल्या ना म्या. पट्टीत दोनच कावून लावल्या?"

तिन्ही पावत्या माझ्याच प्रोग्रॅमनं छापलेल्या. तिसरीचा क्रमांक 212. डेटाबेसमध्ये 212 शोधला तर तिथे दुसऱ्याच शेतकऱ्याचं नाव.

वजन पावतीवर होतं, त्यामुळे अडत्यानं काकांची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, तिथल्या तिथे दुरुस्त केली. मला मात्र तिथून उठवेना. एरर आली तर छपाई थांबलीच पाहिजे, असं मी स्वतः लिहिलं होतं.

टेबल वरपासून खालपर्यंत पाहिलं तेव्हा आयडींच्या, म्हणजे डेटाबेस प्रत्येक नोंदीला आपोआप देतो त्या आकड्यांच्या, रांगेत मधले आकडे गायब दिसले. 4118, मग एकदम 4120. पोस्टग्रेस या डेटाबेसची सीक्वेन्स, म्हणजे हे आकडे देणारी मोजणी, एकदा दिलेला आकडा परत घेत नाही, इन्सर्ट (नवी नोंद घालण्याची आज्ञा) फसला तरीही. म्हणजे नोंद करायचा प्रयत्न झाला होता. मग सर्व्हरचा लॉग उघडला. 'ड्युप्लिकेट की'ची तक्रार त्यात अकरा वेळा लिहिलेली होती. सर्व्हरनं प्रत्येक वेळी नाही म्हटलं होतं, मी ते ऐकलंच नव्हतं.

क्रमांक दोनदा का निघाला ते लगेच कळलं. दोन मुनीम, दोन कॉम्प्युटर, आणि दोन्हीकडे पुढचा क्रमांक म्हणजे 'आतापर्यंतचा सर्वात मोठा अधिक एक'. दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं की दोघांनाही 212. तारीख आणि क्रमांक मिळून एकदाच यावा असं बंधन मी टेबलावर घातलं होतं, त्यानं आपलं काम चोख केलं.

घोळ होता एका मेथडमध्ये. प्रोग्रॅम गो भाषेत आहे, पोस्टग्रेसशी बोलायला लायब्ररी पीजीएक्स. सुरुवातीला इन्सर्टसोबत 'रिटर्निंग'नं आयडी परत घेत होते, म्हणून 'क्वेरी' वापरली. पुढे आयडीची गरज उरली नाही, तो तुकडा काढला, पण 'क्वेरी'च्या जागी 'एक्झेक' (ओळी न आणता फक्त काम करून घेणारी मेथड) करायचं राहून गेलं. 'क्वेरी' ही ओळी आणण्यासाठी असते. ती सर्व्हरकडे काम पाठवून परत येते. उत्तर वाचायचं आपण, आणि बंधन मोडल्याची एरर त्या उत्तरात असते. ओळी वाचून किंवा बंद करून झाल्यावर 'रोज डॉट एर' (या ओळींमध्ये काही चूक झाली का, हे सांगणारी मेथड) विचारलं तरच ती हाती लागते. मी 'रोज', म्हणजे त्या ओळी, बंद केल्या आणि पुढे गेले. 'क्वेरी'नं दिलेली एरर तपासली होती, ती रिकामीच होती.

सुरू करण्याआधी मी टेबलाचं नाव मुद्दाम चुकवून पाहिलं होतं. तेव्हा एरर ताबडतोब आली, कारण पीजीएक्स आधी स्टेटमेंट तयार करून घेते आणि नावातली चूक तिथेच अडते. बंधनाची चूक त्या पायरीवर दिसतच नाही. ती एक चाचणी बघून मी निर्धास्त झाले.

हे मला सुचायला हवं होतं. पीएचपी या भाषेत काम करताना पीडीओचा, म्हणजे तिथल्या डेटाबेसशी बोलणाऱ्या भागाचा, अबोला मी वर्षानुवर्षं पाहिलाय. 2020 साली आवृत्ती 8.0 येईपर्यंत तिथे चूक झाली तरी मूळ सेटिंग गप्प राहायचंच होतं, आणि नव्या मुलांना पहिल्या दिवशी ते बदलायला मीच सांगायचे. गोमध्ये न वापरलेलं एक व्हेरिएबल राहिलं तरी प्रोग्रॅम कंपाइल होत नाही. अशी कडक भाषा मला इथेही अडवेल असं मी धरून चालले होते.

आता इन्सर्ट 'एक्झेक'नं जातो. एरर तपासते, शिवाय बदललेल्या ओळी बरोबर एक आहेत का तेही. पावतीचा क्रमांक डेटाबेसच देतो. शोधल्यावर आणखी तीन ठिकाणी तशीच 'क्वेरी' सापडली, त्यातली एक उचल दिलेल्या पैशांच्या नोंदीत.

अकरा नोंदींचं काम अजून संपलेलं नाही. लॉगमध्ये तारीख आणि क्रमांक मिळतो, पण वजन आणि नाव नाही, कारण एररसोबत पॅरामीटर (नोंदीत भरायला पाठवलेली माहिती) लिहिण्याचं सेटिंग मुळात बंद असतं. मग काट्याच्या चिठ्ठ्या काढल्या, तारेला टोचून ठेवलेल्या. दोन दिवस मुनिमांसोबत बसून दहा जुळवल्या, त्या शेतकऱ्यांना फोन केले. अकरावी चिठ्ठी भिजली आहे, नाव वाचता येत नाही. त्या दिवशी ज्यांच्या गाड्या आल्या होत्या, त्या सगळ्यांना विचारत आहोत: तुमच्याकडे 187 नंबरची पावती आहे का?