पाण्याच्या मोटारीपासून बाईक इंजिनच्या कारपर्यंत : आमची वाटचाल

आमचं दुकान समुद्रपूर तालुक्यात, जामच्या चौकातून आत गेलं की लागतं. बोर्डावर आजही मोटर वाइंडिंग एवढंच लिहिलेलं आहे, कारण घर त्याच्यावरच चालतं. गहू-चण्याच्या दिवसात लाईन रात्रीची मिळते, व्होल्टेज पडलेलं असतं, एखादा फेज गेला की विहिरीवरची मोटर जळालीच समजा आणि मग सकाळी शटर उघडायच्या आधीच कोणीतरी उभं असतं, "भाऊ, आजच पाह्यजे, ओलित थांबलं." हे काम वडिलांनी सुरू केलं, माझ्या हाती आलं तेव्हा त्यात बाईकचे मॅग्नेटो घेतले, म्हणजे इंजिनासोबत चुंबकाचं चाक फिरून वीज बनवणारा भाग. गावात बाईक वाढल्या, त्यातला तार गुंडाळलेला, न फिरणारा भाग म्हणजे स्टेटर, तो जळल्यावर परत भरून मिळाला तर लोकांना परवडतं. हे बारीक काम माझी मिसेस करते, तिचा हात माझ्यापेक्षा चांगला बसतो. प्रत्येक दात सारख्या ताणाने भरायचा, तारेवर तार चढू द्यायची नाही आणि वार्निश १८० डिग्रीचं, म्हणजे क्लास एचवालं, कारण बऱ्याच इंजिनांत स्टेटर गरम ऑईलमध्येच भिजत असतो.

कारचं काम आलं ते एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोट्ट्यांमुळे. फॉर्म्युला भारत नावाची कॉलेजांची स्पर्धा कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर होते, पोरं स्वतः रेसिंग कार बनवतात, इंजिन बहुतेक जण बाईकचंच घेतात. यांनी केटीएम ३९० चं ३७३ सीसीचं घेतलं होतं. कोणीतरी सांगितलं म्हणून फक्त स्टेटर भरायला आले होते, पण मी म्हटलं गाडीच घेऊन या, आणि ते खरंच टेम्पोत टाकून घेऊन आले. तक्रार अशी की थंड असताना मस्त चालते, मे महिन्याच्या उन्हात थोडा वेळ पळवली की मिसिंग करते आणि बंद केली की सेल्फ मारत नाही. त्यांच्या शर्यतीत हेच नडतं, कारण एन्ड्युरन्स म्हणजे लांब पल्ल्याची फेरी साधारण २२ किलोमीटरची असते, मधे ड्रायव्हर बदलताना इंजिन बंद करावं लागतं आणि तापलेली गाडी परत सुरू झाली नाही तर खेळ तिथंच खलास. पोरांनी पेट्रोल पाहिलं, इंजेक्टर साफ केले, मॅप, म्हणजे पेट्रोल-ठिणगीचं कॉम्प्युटरमधलं सेटिंग, बदलला. मी डीसी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायर न तोडता करंट मोजणारा चिमटा, घेऊन एकेका वायरला लावत गेलो आणि त्यांना वहीत आकडे लिहायला लावले. फ्युएल पंप ४ ते ५ अँपिअर, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), इंजेक्टर आणि कॉइल मिळून ३-४, रेडिएटरचा फॅन ९-१०, डॅशबोर्ड आणि ब्रेकलाईट धरून आणखी एक-दोन. बेरीज विसाच्या घरात.

आता जमा बाजू बघा. असल्या इंजिनाचा मॅग्नेटो एका बाईकपुरता असतो, दोनशे वॅट धरले तर १४ व्होल्टला चौदा-साडेचौदा अँपिअर, तेही आरपीएम वर असताना, आयडलला त्याच्या निम्मंसुद्धा नाही. साध्या छोट्या कारचा अल्टरनेटर ५०-६० अँपिअरचा असतो. बाकीचं सगळं बॅटरीतून जात होतं, आणि बॅटरी बाईकचीच, लहानशी. सुरुवातीला १२.६ व्होल्ट दिसतात म्हणून कोणाला शंका येत नाही. फॅन एकदा लागला की विदर्भातल्या ४५-४६ डिग्रीत तो बंदच होत नाही, व्होल्टेज उतरत जातं, पंपाचं प्रेशर पडतं, ठिणगी कमजोर होते आणि माणूस पेट्रोलमध्ये दोष शोधत बसतो.

दुसरी गोष्ट रेक्टिफायरची, आणि ही मी प्रत्येकाला बसवून सांगतो. मॅग्नेटोची एसी वीज डीसी करून बॅटरीला देणारा हा डबा, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटरही त्यातच असतो. बाईकवर येणारा बहुतेक रेग्युलेटर शंट प्रकारचा असतो, म्हणजे स्टेटर कायम पूर्ण जोरात काम करतो आणि गरज नसलेला करंट रेग्युलेटर शॉर्ट करून परत फिरवतो. विहिरीवरची मोटर चालूच ठेवायची आणि जास्तीचं पाणी परत विहिरीत सोडायचं, तसंच. त्यामुळे एलईडी लावले की लोड कमी होतो, बॅटरी वाचते हे खरं, पण स्टेटर थंड पडेल असं कोणी समजू नये. बाईकवर रेक्टिफायरला समोरून वारा लागतो, कारमध्ये पोरांनी तो सीटच्या मागे बंद जागेत टाकला होता, हात लावला तर चटका बसत होता. तो आम्ही अॅल्युमिनियमच्या जाड पट्टीवर बसवून बाजूच्या वाऱ्यात काढला.

बाकी काम म्हटलं तर साधंच. रेडिएटरला पत्र्याचा डक्ट केला म्हणजे पळताना फॅनशिवाय भागतं, फॅनला थर्मोस्विच दिला, इंजिन ते बॅटरी जाड अर्थ थेट ओढली, पंपाची वायर जाड केली. आणि एक रिले असा लावला की सेल्फचं बटण दाबलं की तेवढ्यापुरता फॅन कट होतो. रिलेची ८७ए नावाची पिन असते, एरवी ३० नंबरला जोडलेली राहते आणि कॉइलला सप्लाय मिळाला की सुटते, फॅनचा सप्लाय तिथून घेतला. किंमत काहीच नाही, पण तापलेल्या इंजिनला सेल्फ मारताना दहा अँपिअर वाचणं म्हणजे फार मोठी गोष्ट आहे. पोट्ट्यांनी आमच्या दुकानासमोरच्या रस्त्यावर दुपारी बारा वाजता गरम गाडी बंद-चालू करून पाहिली, मिसेसपण बाहेर येऊन उभी राहिली होती, त्या दिवसाचा आनंद अजून आहे.

मग एकाचं पाहून दुसरं असं काम येत गेलं. वरुडकडच्या एका संत्रा बागायतदाराने झाडांच्या ओळीतून क्रेट आणि फवारणीची टाकी न्यायला बाईक इंजिनवर छोटी गाडी बनवून घेतली होती. बाईकच्या गिअरबॉक्सला रिव्हर्स नसतो म्हणून बनवणाऱ्याने सेल्फ मोटरवर रिव्हर्स दिला, आणि ती मोटर शंभर अँपिअर ओढते. त्यांना मी तोंडी हिशोब सांगितला, दादा, १० सेकंद रिव्हर्स घेतला तर तेवढं परत भरायला ४ अँपिअर शिल्लक असले तरी चार-पाच मिनिटं इंजिन पळालं पाहिजे, आणि तुम्ही तर प्रत्येक ओळीच्या टोकाला रिव्हर्स घेता. त्यांना कारची ३५ एएचची बॅटरी बसवून दिली, दोन ५५ वॅटचे हॅलोजन काढून एलईडी लावले, आणि स्टेटर जरा पातळ तारेने जास्त टर्न देऊन भरला, कारण बागेत गाडी हळूच चालते, वरच्या आरपीएमचे अँपिअर त्यांच्या काही कामाचे नाहीत. रेसवाल्यांना याच्या बरोबर उलट, जाड तार आणि कमी टर्न. म्हणून गाडी कुठं आणि कशी चालणार हे विचारल्याशिवाय आम्ही तार हातात घेत नाही.

रस्त्यावर चालवायच्या गाडीत असं इंजिन बदलून द्या म्हणणारेही येतात. त्यांना सरळ नाही म्हणतो, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असे बदल करू देत नाही आणि ते बरोबरच आहे. शेतातली गाडी आणि ट्रॅकवरची गाडी, एवढंच आमचं काम.

सध्या दुकानात एक टेस्ट बेंच उभा केला आहे. पाण्याच्या मोटरचीच तीन एचपीची मोटर, व्हीएफडीवर म्हणजे स्पीड कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोलरवर, तिच्या शाफ्टला मॅग्नेटोचं चाक, आणि लोड म्हणून हेडलाईटच्या बल्बची रांग. भरलेला स्टेटर आधी १५०० आरपीएमला फिरवतो, एकेक बल्ब वाढवत जातो आणि व्होल्टेज १३ च्या खाली कुठं येतं ते कागदावर लिहून गिऱ्हाइकाला देतो. पुढं सिरीज रेग्युलेटर, म्हणजे जास्तीचा करंट शॉर्ट न करता तोडणारे, याच बेंचवर तपासायचे आहेत, उन्हाळ्यात त्यांचा फायदा जास्त दिसेल असं मला वाटतं.

कोणाला काम असेल तर येताना स्टेटर, चुंबकाचं चाक आणि रेक्टिफायर तिन्ही सोबत आणा, आणि गाडीत काय काय करंट खातं त्याची यादी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी शेतकऱ्यांच्या मोटारी आधी घेतो, तेव्हा त्या चार महिन्यांत थोडी वाट पाहावी लागेल.