झील पुन्हा बसेपर्यंत

रविवार रात्र, कोपरखैरणे

बऱ्याच वर्षांनी शाहिरी पथक तालमीला बसलं. कुणी ठाण्याहून, कुणी ऐरोलीहून लोकलने आलं. पोवाड्याचे शब्द सगळ्यांना पाठ. शब्द जात नाहीत. जाते ती झील, म्हणजे शाहिराच्या ओळीमागे साथीदार झीलकऱ्यांनी धरायचा सूर.

शाहिराचा शेवटचा शब्द हवेत असतानाच झीलकऱ्यांनी 'जी जी रं जी जी' उचलायचं असतं. तेवढ्या अवधीत शाहीर श्वास भरून घेतो. झील अर्धी मात्रा जरी मागे पडली, तरी त्याला ओळ ओढत न्यावी लागते आणि तिसऱ्या चौकात, म्हणजे कडव्यात, त्याचा दम सुटतो. मग बोल लावला जातो त्याच्या वयाला. खरी चूक मागच्या रांगेची. म्हणून पहिल्या दिवशी अख्खा पोवाडा म्हणूच नये. वाद्यं बाजूला ठेवून नुसत्या टाळीवर प्रत्येक ओळीचे शेवटचे दोन शब्द आणि झील, एवढंच 20-25 वेळा घ्यावं. झीलकऱ्यांनी थोडं तिरकं, शाहिराचं तोंड दिसेल असं उभं राहावं.

गाण्याची पट्टी पेटीच्या काळी पाचवरून काळी चारवर, खाली आणावी लागली, आणि त्यात कमीपणा काही नाही. मात्र ढोलकीचे नट सैल करून भागत नाही. शाईची पुडी, म्हणजे काळा ठिपका असलेलं चामडं, ढिली पडते, बोल मिटतो. त्या पट्टीची दुसरी ढोलकीच हवी. धुमेच्या, म्हणजे ढोलकीच्या खर्जाच्या बाजूच्या, आतला मसाला पडून पडून वाळला, तडकला की घुमारा जातो. तो घरी खरवडू नये, ढोलकी भरणाऱ्याकडेच न्यावी.

तुणतुण्याची तार खाडीच्या हवेने गंजलेली. अशी तार पिळली की तुटतेच, म्हणून आधीच बदलावी. तार चामड्यातून जिथे आरपार जाते, तिथे बटणासारखी चकती असते. ती नसेल तर ताणाने भोक फाटत जातं. खुंटी घसरत असेल तर खडू घासावा.

डफ पावसाळी हवेत उतरतो. गॅसवर शेकताना हातभर वर धरून सतत फिरवावा आणि मधूनमधून थाप मारून ऐकावं. एका जागी धरला तर चामडं करपतं. एसी नाट्यगृहात उलटं होतं, कोरड्या हवेने वाद्यं चढतात. तिथे अर्धा तास आधी वाद्यं उघडून ठेवावीत, मगच सूर लावावा.

बुधवारी पुन्हा टाळीवरच बसायचं. डफ पिशवीतच राहील.