तुम्ही विचारलंत म्हणून: ३३ वर्षं एकाच कंपनीत का?

ऑफिसातली नवी मुलं हटकून विचारतात, "ताई, ३३ वर्षं एकाच ठिकाणी? कधी दुसरीकडे जावंसं वाटलं नाही?"

वाटलं. दोनदा जास्त पगाराचं पत्र हातात होतं. दोन्ही वेळा गेले नाही.

माझे बाबा लालबागच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होते. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. त्यामुळे 'बाबांची नोकरी गेली' असा एक दिवस आमच्या घरात कधी उजाडलाच नाही. "मिटेल पुढच्या महिन्यात," म्हणता म्हणता आईच्या पाटल्या गेल्या, मग दादाचं पुढचं शिक्षण. रात्री निजानीज झाली की आई तांदळाच्या डब्यात हात घालून किती उरलेत ते पाहायची.

गिरणगावात पोराला काम लागायचं ते बापाच्या ओळखीनं. जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या कानावर घालून पोराचं नाव बदली कामगारांत लावायचं. मग रोज पाळीच्या वेळी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर आत जायचं, आणि काही वर्षांनी कायम व्हायचं. संपानंतर ती ओळखच कुचकामी झाली. दादा दहावीनंतर छापखान्यात लागला आणि तिथेच अडकला. 'थोडं थांब, याहून बरं मिळेल,' असं म्हणायची ऐपत घरात कुणाचीच नव्हती. मीही एकोणिसाव्या वर्षी पगार विचारायच्या आधीच या नोकरीला हो म्हटलं.

कॅनडातला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. वडिलांची कंपनी बंद पडून नोकरी गेलेल्या घरांतले मुलगे मोठेपणी इतरांपेक्षा साधारण ९ टक्के कमी कमावत होते. वाचताना दादाचे शाईनं काळे झालेले हात डोळ्यांसमोर आले.

कंपनीत मला निष्ठावान म्हणतात. ते ऐकून वाईट वाटतं, कारण मला तिथे धरून ठेवलं ते भीतीनं.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीनं दुसरी नोकरी हातात नसताना राजीनामा दिला. मी तिला एका शब्दानं अडवलं नाही. रात्री ती झोपल्यावर स्वयंपाकघरात गेले आणि तांदळाचा डबा उघडून पाहिला.